एकेचाळिसावी स्प्रिंग

"नमुना एकच आणलाय, हरवू नका," असे म्हणत डेअरीच्या इंजिनिअरने रुमालाची गाठ सोडली आणि आतली स्प्रिंग दोघी जावांच्या टेबलावर ठेवली.

"आमच्याकडून आजवर गिऱ्हाइकं तेवढी हरवलीत," धाकटी म्हणाली. "नमुना एकही नाही."

थोरलीने मान वर केली नाही. तिने स्प्रिंग उचलली, नाकाशी नेली, आंबट दुधाचा वास आला तशी फडक्याने पुसली, मग अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये धरून दाबली. सोडली. पुन्हा दाबली. नाडी पाहणाऱ्याचा असतो तसा तिचा चेहरा झाला होता.

"काय म्हणतेय?" धाकटीने विचारले.

"स्टेनलेस आहे. तार एक पॉइंट सहा. नऊ वेढे." थोरलीने व्हर्नियर उचलला आणि स्प्रिंगच्या दोन्ही टोकांना लावला. "उंची बासष्ट."

"होईल का?" इंजिनिअर म्हणाला.

"तार मिळाली तर होईल. किती?"

"चाळीस. गुरुवारी सकाळी."

धाकटीने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिले. मंगळवार होता. "साहेब, बाटल्या भरायच्यात की गाडी पकडायचीय?"

इंजिनिअर पस्तिशीचा होता आणि तीन दिवस धड झोपला नसावा. त्याने समोरचा पाण्याचा पेला घेऊन सगळे समजावून सांगितले. डेअरीत बाटल्या भरणारे एक परदेशी यंत्र आहे. त्याला गोल फिरणाऱ्या चाळीस तोट्या. बाटली खालून वर येते, तोटीला टेकते, तोटी उघडते, दूध भरते. बाटली खाली गेली की स्प्रिंग तोटी बंद करते. अकरा वर्षे हे बिनबोभाट चालले. गेल्या पंधरा दिवसांत सहा स्प्रिंगा तुटल्या, शिल्लक ठेवलेल्या केव्हाच संपल्या होत्या, आणि राहिलेल्या तोट्या गळायला लागल्या. आता चौदा तोट्या बंद आहेत. संध्याकाळचे दूध घेऊन येणाऱ्यांना फाटकावरून परत पाठवावे लागते. कंपनीला कळवले, तर स्प्रिंगा यायला दहा आठवडे लागतील म्हणतात.

"आणि शनिवारी दुपारी खरेदी साहेब त्या कंपनीशी करार करणार," तो म्हणाला. "पाच वर्षांचा. यंत्राचा प्रत्येक सुटा भाग त्यांच्याकडूनच घ्यायचा. म्हणजे असं पुन्हा होणार नाही म्हणे. मी म्हटलं, शनिवारपर्यंत मला वेळ द्या. इथं कोणी करून दिलं तर स्प्रिंगा त्यातून वगळा."

"आणि नाही जमलं तर?"

"मग पाच वर्षं इकडं वळूनही बघता येणार नाही."

दोघी जावांनी एकमेकींकडे पाहिले. यंत्र डेअरीचे होते, पण प्रश्न कुणाचा होता ते त्या दोघींना नीट कळले होते.

कारखाना म्हणजे दहा फूट रुंद आणि अठरा फूट लांब अशी एक खोली. एकतीस वर्षांपूर्वी त्यांच्या सासऱ्यांनी ती सुरू केली. दोघी सुनांचे नवरे, म्हणजे दोघे भाऊ, या धंद्यात कधी रमले नाहीत. थोरला ट्रक चालवतो, धाकटा शाळेत गणित शिकवतो. सासऱ्यांनी मग सुनांना शिकवले. थोरली चोपन्न वर्षांची, बोलणे कमी, हात अचूक. धाकटी सेहेचाळीसची, तिचे तोंड आणि तार गुंडाळायचे मशीन एकाच वेळी सुरू होतात आणि एकाच वेळी बंद पडतात, असे थोरलीचे म्हणणे. दारावर सासऱ्यांनी रंगवून घेतलेली पाटी अजून होती : 'नमुना आणा, जोडी न्या.' धंद्याची सगळी रीत त्या चार शब्दांत होती. कोणी उंदराच्या सापळ्याची स्प्रिंग आणे, कोणी फाटकाची, कोणी सायकलच्या सीटची. तिच्याबरहुकूम दुसरी करून द्यायची. केसभर फरक पडू द्यायचा नाही. काम कशासाठी आहे ते विचारायचे नाही. गिऱ्हाइकाला चौकशी आवडत नाही, असे सासरे म्हणत.

पोट मात्र चालत होते ते पेनच्या कारखान्यावर. महिन्याला साठ हजार बारीक स्प्रिंगा तिकडे जात. दीड वर्षापूर्वी त्या कारखान्याने स्प्रिंगसकट शाईच्या तयार कांड्या बाहेरून मागवायला सुरुवात केली. तेव्हापासून मशीन आठवड्यातून तीन दिवस चालत होते. वर्षअखेरीपर्यंत दुसरे मोठे काम मिळाले नाही तर मशीन विकायचे, हे घरात ठरलेले होते. त्यावर पुन्हा कोणी बोलत नसे.

"गुरुवारी सकाळी," थोरली म्हणाली. "नऊला."

इंजिनिअर गेल्यावर धाकटी म्हणाली, "जाऊबाई, तुम्ही एवढं लांबलचक आश्वासन लग्नानंतर पहिल्यांदाच दिलंत."

"तार आणायला जा," थोरली म्हणाली.

स्प्रिंग नुसती गुंडाळून भागत नाही. गुंडाळलेल्या तारेला ताण असतो. तिला अर्धा तास चांगल्या कडक उष्णतेत ठेवले नाही तर ती रुसल्यासारखी वागते, आज एक माप, उद्या दुसरे. मोठ्या कारखान्यांत त्यासाठी विजेची भट्टी असते. या दोघींसाठी गल्लीच्या टोकाची बेकरी होती. दुपारी दोन वाजता, संध्याकाळचे पाव आत जाण्याआधी, बेकरीवाल्याची विटांची भट्टी सगळ्यात जास्त तापलेली असते. ही सोय सासऱ्यांनी आणि आताच्या बेकरीवाल्याच्या वडिलांनी ठरवलेली होती, आणि दोन्ही घरच्या मुलासुनांनी ती पुढे चालवली.

बुधवारी दोन वाजता धाकटी पत्र्याच्या तबकात बेचाळीस स्प्रिंगा घेऊन हजर झाली. दोन जास्तीच्या, चुकल्यामाकल्या तर म्हणून.

"कशा भाजू?" बेकरीवाल्याने विचारले. "मऊ की कुरकुरीत?"

"तुमच्या पावापेक्षा मऊ झाल्या तरी चालतील. तसा त्रास नाही."

"वहिनी, गेल्या आठवड्यात पावात एक वेढा सापडला गिऱ्हाइकाला."

"मग जास्तीचे पैसे घेतलेत की नाही?"

तबक आत गेले. अर्ध्या तासाने स्प्रिंगा गव्हाच्या रंगाच्या होऊन बाहेर आल्या. थोरलीने घरी एकेक मापली. बासष्ट. बासष्ट. बासष्ट. दोन टाकून दिल्या. चाळीस स्प्रिंगा कागदात गुंडाळताना तिने एक ओळ गुणगुणली, ती धाकटीने ऐकली आणि मोठ्या मनाने त्यावर काही बोलली नाही.

गुरुवारी सकाळी नऊ वाजता त्या डेअरीत होत्या. साडेदहाला चाळीस स्प्रिंगा बसल्या. इंजिनिअरने टाकीत पाणी सोडले. पहिली चाचणी पाण्यावर. यंत्र फिरू लागले. बाटल्या वर गेल्या, भरल्या, खाली आल्या. धाकटीने पदर खोचला आणि कौतुकाने पाहू लागली.

मग पहिल्या तोटीतून एक थेंब पडला. मग तिसरीतून. पाच मिनिटांत एकही तोटी कोरडी नव्हती. खालच्या फरशीवर पाण्याची गोल रेघ उमटली, यंत्राच्या मापाची.

"आधी चौदा बिघडलेल्या होत्या," कोणीतरी मागून म्हणाले. "आता सगळ्या."

ते खरेदी साहेब होते. पन्नाशी उलटलेले, हातात फाईल, आवाज शांत. त्यांनी टोमणा मारला नव्हता. मोजून सांगितले होते.

"साहेब, माप बरोबर आहे," थोरली म्हणाली. "नमुन्याशी केसभर फरक नाही."

"असेल, बाई. पण मला माप विकायचं नाही, दूध विकायचंय." ते इंजिनिअरकडे वळले. "शनिवारी दोन वाजता सही आहे. त्याआधी काही झालं तर सांग."

ते गेले. इंजिनिअरने यंत्र बंद केले. धाकटीने खोचलेला पदर सोडला.

"जुन्या कुठं आहेत?" थोरलीने विचारले.

"जुन्या काय?"

"स्प्रिंगा. आज काढलेल्या."

बादलीत होत्या. थोरली फरशीवरच बसली, बादली पुढ्यात ओढली, पिशवीतून व्हर्नियर काढला आणि एकेक मापू लागली. धाकटी न सांगता कागद-पेन्सिल घेऊन शेजारी बसली.

"एकसष्ट पॉइंट चार. बासष्ट पॉइंट आठ. साठ पॉइंट नऊ. बासष्ट. त्रेसष्ट पॉइंट एक."

दहा झाल्यावर थोरली थांबली.

"एकाच कंपनीनं, एकाच मशीनवर केलेल्या," ती म्हणाली. "मग एकसारख्या का नाहीत?"

"वापरून वापरून बसल्या असतील," इंजिनिअर म्हणाला, आणि बोलता बोलताच बादलीतली एक स्प्रिंग उचलून पाहू लागला.

बसणे म्हणजे स्प्रिंगने वर्षानुवर्षे दाबले जाऊन आपली उंची थोडी थोडी सोडून देणे. जुन्या गादीला ते होते, जुन्या दाराच्या स्प्रिंगला होते. थोरलीला हे ठाऊक नव्हते असे नाही. पण पाटीवर जे लिहिले होते ते तिने कारखान्याच्या एकतीस वर्षांच्या शिस्तीने पाळले होते.

"म्हणजे हिनं अकरा वर्षं काम करून जी उंची घालवली," ती सावकाश म्हणाली, "ती घालवलेली उंचीसुद्धा मी केसभर चूक न करता उतरवली."

"आपण तिचा थकवा मापला जाऊबाई," धाकटी म्हणाली.

"मापला. आणि चाळीस नव्या पोरींना घातला."

थोरली हसली. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज फुटला. तिला हसताना इंजिनिअर पहिल्यांदाच पाहत होता आणि या प्रसंगी हसावे की नाही ते त्याला कळत नव्हते. धाकटीने त्याची अडचण सोडवली. ती तोंडावर पदर धरून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "एकतीस वर्षं," ती म्हणत होती, "सगळ्या गावाच्या फाटकांना आपण म्हातारपण नवं करून विकलं."

हसणे ओसरल्यावर इंजिनिअर म्हणाला, "पण मग मूळ उंची किती होती? कोरी स्प्रिंग तर कुठंच नाही. कंपनी नकाशा देत नाही."

"उंची राहू दे," थोरली म्हणाली. "हिचं काम काय ते सांगा."

"तोटी बंद करणं."

"किती जोरानं?"

अकरा वर्षांत डेअरीतल्या कोणाला हे विचारायची वेळ आली नव्हती.

"मग तोटीलाच विचारू," थोरली म्हणाली. "वजनं आहेत का?"

"प्रयोगशाळेत इलेक्ट्रॉनिक काटा आहे."

"काटा नको. वजनं. लोखंडाची."

तशी वजने डेअरीत नव्हती. धाकटी उठली, रिक्षाने गेली आणि चाळीस मिनिटांत परत आली, भाजीवाल्याकडची मापे पिशवीत घेऊन : किलोचे एक, अर्ध्याची दोन, दोनशेची दोन, शंभराची दोन, पन्नासचे एक. "संध्याकाळपर्यंत परत हवीत म्हणालाय. तोपर्यंत अंदाजानं तोलतो म्हणे. गिऱ्हाइकं खूश आहेत."

इंजिनिअरने एक तोटी यंत्राबाहेर काढून उभी बसवली, तिची स्प्रिंग काढली आणि वरून पाण्याची नळी जोडली, भरल्या टाकीत असतो तेवढाच दाब ठेवून. तोटीच्या दांडीवर थोरलीने एक चपटी बशी ठेवली आणि त्यात वजने रचू लागली. एक किलो, धार. दीड; बारीक धार. दोन; थेंबांची माळ. दोन किलो दोनशे. थेंब मोजता येऊ लागले. तोवर यंत्रावरची चार-पाच माणसे हातातले काम सोडून भोवती जमली होती. दोन किलो तीनशे. एक थेंब लोंबकळत राहिला आणि पडला. दोन किलो चारशे.

थेंब तोटीच्या ओठावर आला, तिथेच फुगला, आणि राहिला.

"पाच मिनिटं थांबा," थोरली म्हणाली.

पाच मिनिटे थांबले. थेंब तिथेच होता.

मग गणित. तोटी बंद असताना स्प्रिंगला आत जागा मिळते अठ्ठेचाळीस मिलिमीटरची. आपल्या बासष्टच्या स्प्रिंगला तेवढे दाबले तर ती किती जोर लावते? तेही वजने ठेवून पाहिले : दोन किलो. म्हणजे चौदा मिलिमीटर दाबायला दोन किलो, सात मिलिमीटरला एक. तोटीला हवेत दोन किलो चारशे. थोरलीने दीडशे ग्रॅम वर धरले. "अडीअडचणीला," ती म्हणाली. त्रैराशिक तिने फरशीवरच बोटाने ओल्या रेघा ओढून मांडले. उत्तर आले सहासष्ट. धाकटीच्या नवऱ्याने हेच गणित पुढच्या आठवड्यात सातवीच्या वर्गाला घातले. निम्म्या वर्गाचे चुकले, त्यावरून धाकटी आजही जावेला उगाच 'बाई, सातवी पास' म्हणते.

"मग सहासष्टच्या करायच्या," इंजिनिअर म्हणाला.

"नाही. अडुसष्टच्या."

"का?"

"नवी स्प्रिंग पहिल्या दिवशी थोडी बसतेच. ती तुमच्या यंत्रात बसण्यापेक्षा आमच्याकडं बसू दे. अडुसष्टची करायची, भाजायची, मग वेढ्याला वेढा लागेपर्यंत दाबायची. दहा वेळा. जेवढं बसायचं तेवढं बसून घेऊ दे. मग तुमच्याकडं आली की पुन्हा नखरे नाहीत."

शुक्रवारी सकाळी मशीन सुरू झाले आणि धाकटीचे तोंडही. दुपारी दोनला चव्वेचाळीस स्प्रिंगा भट्टीत होत्या. अडीचला बाहेर आल्या. बेकरीवाल्याने पाव आत सारले, आणि पन्नास मिनिटांनी तिथे जे दृश्य उभे राहिले ते त्या गल्लीने त्याआधी पाहिले नव्हते.

स्प्रिंगा निवल्या होत्या आणि दाबायच्या होत्या. चव्वेचाळीस स्प्रिंगा, प्रत्येक दहा वेळा. थोरलीने एका फळीवर सहा सळया उभ्या ठोकून आणल्या होत्या. सळईवर स्प्रिंग घालायची आणि भोक पाडलेल्या लाकडी ठोकळ्याने जोर देऊन खाली नेऊन सोडायची. पहिल्या आठ स्प्रिंगांनंतर दोघींचे तळहात लाल झाले. तेवढ्यात पावासाठी रांग लागली.

"काय चाललंय?" रांगेतल्या पहिल्या माणसाने विचारले.

"पाव अजून दहा मिनिटं आहे," बेकरीवाला म्हणाला. "तोवर रिकामे उभे राहू नका. दाबा."

"कशासाठी?"

"उद्या दूध हवंय ना चहाला?" धाकटी म्हणाली. "मग दाबा. दहा वेळा. मोजून. नऊदाच दाबली तर चहा काळा."

त्या माणसाने पिशवी खांद्याला अडकवली आणि दाबली. मागची बाई म्हणाली, "सरका, तुमचा जोर लागत नाही." तिने आपली स्प्रिंग एका दमात दहा वेळा दाबून दाखवली आणि दुसरी मागितली. एका निवृत्त पोस्टमनने प्रत्येक वेळी शिक्का मारल्यासारखा हात आपटला. फळीभोवती सहा जण, मागे मोजणारे दहा. मोजण्यात गोंधळ झाला की धाकटी ती स्प्रिंग पहिल्यापासून दाबायला लावी. जास्त वेळा दाबल्याने बिघडत नाही, हे थोरलीने एकदाच सांगितले. त्यानंतर कोणी दहावर थांबायलाच तयार होईना. पाव तयार झाला तेव्हा बेकरीवाल्याला दोनदा ओरडून सांगावे लागले.

संध्याकाळी थोरलीने दिव्याखाली बसून सगळ्या मापल्या. सहासष्ट, सहासष्ट, सहासष्ट पॉइंट एक. तीन बाजूला काढल्या. एकेचाळीस उरल्या.

शनिवारी सकाळी सात वाजता चाळीस स्प्रिंगा यंत्रात बसल्या. थोरलीने पाणी नको म्हटले. "दूधच सोडा. काय व्हायचं ते खऱ्यावर होऊ दे." इंजिनिअरने एकदा फाटकाकडे पाहिले, जिथे रात्रीपासून दूध घेऊन आलेल्या गाड्या उभ्या होत्या, आणि कळ दाबली.

पहिली बाटली भरली. खाली आली. तोटी मिटली. दहा मिनिटे. अर्धा तास. धाकटी यंत्राभोवती फेऱ्या घालत होती आणि प्रत्येक तोटीखाली तळहात धरून पाहत होती. तोटीखाली हात धरायला मनाई आहे, असे तिला तिघांनी सांगितले. तिघांनाही तिने "हो" म्हटले. थोरली एका उलट्या क्रेटवर बसून राहिली. तिने डबाही उघडला नाही.

खरेदी साहेब दीड वाजता आले. फाईल हातात होती. त्यांनी यंत्राला एक पूर्ण फेरी मारली, मग वाकून यंत्राखालच्या फरशीवर हात फिरवला आणि तो उजेडात धरून पाहिला. हात कोरडा होता.

"किती वेळ झाला?"

"साडेसहा तास," इंजिनिअर म्हणाला. "चाळीसच्या चाळीस."

"परवा का गळत होत्या?"

इंजिनिअर बोलणार तेवढ्यात थोरली क्रेटवरून उठली. "माझी चूक होती. थकलेल्या स्प्रिंगची नक्कल केली मी. आता तुमच्या तोटीला विचारून केल्यात."

साहेब तिच्याकडे वळले. चूक विचारल्यावर आधी चूकच सांगणारा पुरवठादार त्यांना बहुधा बऱ्याच दिवसांत भेटला नसावा. "आणि या किती वर्षं टिकतील? अकरा?"

"सांगता येत नाही. माझ्याही बसतीलच. पण दर सहा महिन्यांनी एक काढून माझ्याकडं पाठवा. मी मापून सांगेन, किती बसली आणि कधी बदलायची. तुटायची वाट बघू नका."

"कंपनी असं सांगत नाही," इंजिनिअर हळूच म्हणाला.

"कंपनी दहा आठवडे लांब आहे," धाकटी म्हणाली. "आम्ही दोन बसस्टॉप."

साहेबांनी फाईल क्रेटवर ठेवली आणि कराराला जोडलेली सुट्या भागांची यादी उघडली. एकशे बारा ओळी होत्या. त्यांनी खिशातून पेन काढले, स्प्रिंगांच्या चौतिसाव्या ओळीवर आडवी रेघ मारली आणि शेजारी सही केली. पेन बंद करता करता त्यांचे लक्ष धाकटीकडे गेले. ती मान तिरपी करून यादी उलटी वाचत होती.

"काय?"

"काही नाही, साहेब. पस्तिसावी ओळ रबरी वायसर आहे."

"मग?"

"रबरवाला आमच्या समोरच बसतो. आणि चाळिसावी ती तोटीची दांडी, ती आमचा लेथवाला डोळे झाकून करेल. म्हणजे, उघडे ठेवून."

साहेबांनी पेन पुन्हा उघडले. रेघ मारली नाही. दोन्ही ओळींपुढे छोटी प्रश्नचिन्हे काढली. मग इंजिनिअरकडे पाहून म्हणाले, "सोमवारी बोलावून घे त्यांना. आणि वजनं आणून ठेव चार. भाजीवाल्याकडून किती दिवस मागणार?"

त्या दिवशी करारावर सही झाली, एकशे बारापैकी एकशे नऊ ओळींसाठी; प्रश्नचिन्हांच्या दोन ओळी तूर्त बाहेर राहिल्या. ज्याला हे यश लहान वाटेल त्याने ते त्या गल्लीत उभे राहून पाहावे. पुढच्या वर्षभरात रबरवाल्याने वायसर केले, ते दुसऱ्या खेपेला जमले. लेथवाल्याच्या दांड्या पहिल्याच खेपेला जमल्या, आणि हे तो अजून सगळ्यांना सांगतो. तारेच्या दुकानदाराने स्टेनलेस कायमची ठेवायला सुरुवात केली. डेअरीतल्या इंजिनिअरने शेजारच्या गावातल्या सोडा कारखान्याला पत्ता दिला, त्याने औषधांच्या बाटल्या भरणाऱ्याला. मशीन आठवड्याचे सहा दिवस चालू लागले. ते विकण्याचा विषय जसा कोणी काढत नव्हते तसाच आताही कोणी काढत नाही.

पाटी बदलली नाही. पण आता कोणी नमुना घेऊन आला की थोरली तो बाजूला ठेवते आणि आधी विचारते, "हिचं काम काय?" काही गिऱ्हाइकांना ही चौकशी आवडत नाही. बहुतेकांना आवडते; आपल्या फाटकाबद्दल इतक्या आस्थेने कोणी विचारलेले नसते.

दहा आठवड्यांनी, कबूल केल्याप्रमाणे, आधीच मागवून ठेवलेला परदेशी स्प्रिंगांचा डबाही आला. इंजिनिअर तो घेऊन थेट कारखान्यात आला. थोरलीने एक काढून मापली.

"किती?" त्याने विचारले.

"सहासष्ट पॉइंट दोन."

धाकटीने मशीन बंद केले. "म्हणजे त्यांची चूक पॉइंट दोनची," ती म्हणाली. "कळवा त्यांना. वाईट वाटून घेऊ नका म्हणावं."

इंजिनिअर हसत उठला. जाता जाता त्याचे लक्ष खिडकीजवळच्या काचेच्या बरणीकडे गेले. आत पांढऱ्या कापडावर एकच स्प्रिंग आडवी ठेवलेली होती. त्याने झाकण उघडून ती उचलली आणि सवयीने अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये धरली.

"दाबू नका," थोरली म्हणाली.

तो थांबला.

"ती त्या दिवशीची एकेचाळिसावी आहे. बेकरीतून आल्यापासून तिला कोणी दाबलेलं नाही. दाबायचंही नाही. उद्या मी नसेन, ही नसेल, तुम्ही नसाल. कोणीतरी तुमच्यासारखा रुमालात बांधून एक थकलेली घेऊन येईल. त्याला मापायला एक न थकलेली हवी."

"म्हणजे ही कधीच काम करणार नाही?"

"हेच तिचं काम."

इंजिनिअरने स्प्रिंग दोन्ही हातांनी परत कापडावर ठेवली आणि झाकण लावले. धाकटीने मशीन सुरू केले.

दर महिन्याच्या पहिल्या तारखेला, काम सुरू होण्याआधी, थोरली हात धुऊन ती बरणी उघडते. व्हर्नियरचे जबडे एकेक दशांश जवळ आणत जाते. ते स्प्रिंगला टेकतात, दाबत नाहीत. ती आकडा वाचते, स्प्रिंग पुन्हा कापडावर ठेवते, आणि मग दिवसाचे काम सुरू होते.